गेटला हात लावायचा नाही

कालव्याचं पाणी बंद केलं की कळतं, तळाला किती गाळ साचलाय ते. नोकरीचंही तसंच आहे. वाहत असताना काही दिसत नाही. रिटायर होऊन बघतो तो काय, किश्श्यांचा हा ढीग! आम्ही इरिगेशन खात्यातली जुनी मंडळी दर रविवारी हुबळीला देशपांडे नगरात अण्णांच्या घरी जमतो आणि तो गाळ उपसतो. चुरमुऱ्यांचं गिरमिट असतं, मिरची भजी असतात, आणि एकच किस्सा सतराव्यांदा ऐकून घ्यायची सगळ्यांची तयारी असते.

पण गेल्या जूनपासून जुने किस्से मागे पडलेत. आम्ही पाच जण फ्रान्सला जाऊन आलो. आठ दिवस, बोटीतून, द्राक्षांचे मळे आणि जुनी गावं बघत. हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर कुणी भेटलं की विचारतं, "युरोपात काय काय केलंत?" आता काय सांगायचं? सगळी हयात कालव्यावर काढली, आणि जन्मात एकदा फॉरेनला गेलो तर तिथेही कालव्यावरच.

* * *

आधी माणसं सांगतो. अण्णा म्हणजे वसंतअण्णा, खात्यात सेक्शन ऑफिसर. सुतळीएवढी गळती पन्नास पावलांवरून ओळखणारा माणूस. शारदक्का त्यांची बायको, अळणावरची, सागवानाच्या जंगलाशेजारी वाढलेली; लग्न होऊन आली ती थेट कालव्याकाठच्या क्वार्टर्समध्ये. हिरेमठ खात्याच्या जीपचे ड्रायव्हर. मी ड्राफ्ट्समन. मैलोन् मैल कालवे मी कागदावर काढले, पण पाण्यात कधी घोट्याच्या वर भिजलो नाही. आणि माझी बायको नंदा, जी ही गोष्ट चारचौघांत सांगायची संधी सोडत नाही.

अण्णांचा आवडता किस्सा यल्लप्पाचा. तो आधी सांगायलाच हवा, कारण त्याच्याशिवाय आमच्याकडे रविवार पुरा होत नाही.

अण्णांच्या सेक्शनमध्ये, क्वार्टर्सच्या मागेच, एक गेट होतं, कालव्यातलं जादा पाणी ओढ्यात सोडायचं. एका दुपारी अण्णा मीटिंगला धारवाडला गेले होते आणि इकडे ढगफुटीसारखा पाऊस झाला. कालवा काठोकाठ भरला. ते गेट वेळेत उघडलं नसतं तर भराव फुटून खालची अख्खी वस्ती पाण्यात गेली असती. अण्णा जीप पळवत परत आले तर गेट उघडलेलं, पाणी ओढ्याला लागलेलं, वस्ती कोरडी! अण्णांनी गेटमन यल्लप्पाला मिठी मारली. पुढच्या महिन्यात ऑफिसात सगळ्यांसमोर त्याला शाल आणि नारळ दिला.

यल्लप्पा मात्र सारखा हात जोडून म्हणत राहिला, "ना अल्री, साहेब्र." मी नव्हे हो साहेब.

"बघा," अण्णा दर रविवारी सांगतात, "एवढं करूनही माणूस म्हणतो, मी नाही केलं! अशी नम्रता आता कुठे बघायला मिळणार?"

हा किस्सा रंगात आला की शारदक्का उठून आत जातात. कुणाला अजून भजी हवीत का ते विचारत.

* * *

आता सुट्टी कशी ठरली ते.

अण्णा आणि शारदक्कांचं लग्न जूनमधलं. आणि जून म्हणजे कालव्यात पाणी सोडायच्या आधीची धावपळ. गेटांना वंगण, भरावाची डागडुजी, रोज राउंड. त्यामुळे लग्नाचा वाढदिवस नावाची गोष्ट त्या घरात झालीच नाही. शारदक्कांच्या सख्ख्या बहिणीचं लग्न अळणावरला झालं, तेव्हाही त्या एकट्या रेल्वेने जाऊन आल्या. अण्णांच्या मते त्यांनी बायकोला पुष्कळ फिरवलं. म्हणजे कालव्याच्या भरावावरून, जीपच्या मागच्या सीटवर, मांडीवर डबा घेऊन.

त्यांचा मुलगा नितीन हॉलंडला असतो. लग्नाला चाळीस वर्षं होणार म्हणून त्याने सहा जणांची बोट बुक केली आणि म्हणाला, तुमच्या दोस्तांनाही घेऊन या. विमानाचं आम्ही आमचं बघितलं. हिरेमठांना त्यांच्या बेंगळूरच्या मुलाने पाठवलं. नितीनने फोटो पाठवले: पांढऱ्या गाई, द्राक्षांचे मळे, संथ पाणी, पाण्याच्या दोन्ही बाजूंना उंच झाडं.

शारदक्कांनी फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, "अहो, नदी कुठली ही?"

अण्णा म्हणाले, "पाणी बघ कसं नितळ आहे."

पासपोर्ट झाला, व्हिसा झाला, विमानातून उतरलो, ट्रेनने त्या गावी पोचलो, बोटीत सामान ठेवलं. शारदक्का डेकवर आल्या. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. दोन्ही काठ सरळ रेषेत, भराव एका उंचीचा. चाळीस वर्षांचा अनुभव, बाई फसणार कशा?

"अहो," त्या शांतपणे म्हणाल्या, "हा कालवा आहे."

अण्णा दोरी गुंडाळत राहिले.

मग शारदक्कांनी आम्हा सगळ्यांसमोर अट घातली. "आठव्या दिवशी आपला लग्नाचा वाढदिवस. नितीनने ओसेर गावातल्या हॉटेलात टेबल सांगून ठेवलंय. मला चाळीस वर्षांत एकदा तुमच्याशेजारी खुर्चीवर बसून, दुसऱ्या कुणीतरी वाढलेलं जेवायचंय. तोवर तुम्ही एकाही गेटला हात लावायचा नाही. लावलात, तर मी पुढच्या गावात उतरून ट्रेनने नितीनकडे जाईन. ते जेवण तुम्ही त्या गेटबरोबर जेवा."

अण्णांनी शब्द दिला. मला खरं सांगायचं तर त्यांच्या शब्दाची खात्री वाटली नाही. त्या कालव्यावर मैला-दीड मैलाला एक लॉक होतं. लॉक म्हणजे दगडी हौद. बोट आत घ्यायची, मागचं गेट लावायचं, हौदातलं पाणी खाली उतरवायचं, बोटही खाली उतरते, मग पुढचं गेट उघडून चालू लागायचं. आणि सगळी गेटं जुनी, हाताने फिरवायची. मिठाईच्या दुकानात आठ दिवस कोंडून वर उपास करायला सांगावं, तसा प्रकार.

* * *

त्या बोटी चालवायला तिथे लायसन लागत नाही. बोटवाल्याने अर्धा तास शिकवलं. ते इंग्लिश होतं की फ्रेंच यावर आमचं अजून एकमत नाही. हिरेमठ स्टिअरिंगला उभे राहून "ओके, ओके" म्हणत होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ब्रेक?"

"नो ब्रेक," बोटवाला हसत म्हणाला.

हिरेमठांचा चेहरा उतरला. ते अण्णांकडे वळले. "साहेब्र, ब्रेक इल्लद गाडी ह्यांग्री होडीली?" बिनब्रेकची गाडी कशी चालवू हो?

अण्णा म्हणाले, "तुमच्या जीपला तरी कुठे होता?"

हिरेमठांना हे पटलं आणि आम्ही निघालो.

पुढे जायला त्यांना काही अडचण आली नाही. फक्त प्रत्येक वळणावर हॉर्न द्यायचे. समोर बदकं असली तरी. पण रिव्हर्स घ्यायचा म्हटलं की मागे माणूस हवाच, हा जीपचा नियम. तो माणूस मी. बोटीच्या शेपटाला उभं राहून हाताने खुणा करत ओरडायचं, "बर्ली, बर्ली, बर्ली... होल्डान!" येऊ दे, येऊ दे, थांब. आपल्याकडे बसचे कंडक्टर करतात तेच.

आमच्या मागे-पुढे एका इंग्लिश जोडप्याची बोट असायची. पहिल्या दिवशी ते दोघं माझ्याकडे टक लावून बघत होते. दुसऱ्या दिवशी हसून हात केला. चौथ्या दिवशी आम्ही एका धक्क्यावर चहा पीत बसलो होतो, आणि ते गृहस्थ बोट मागे घेत होते. त्यांची बायको शेपटाला उभी होती, एक हात हवेत.

"बार्ली!" बाई ओरडत होती. "बार्ली, बार्ली!"

हिरेमठांनी चहाचा कप खाली ठेवला आणि उभं राहून टाळ्या वाजवल्या.

* * *

नंदाने हुबळीहून साठ कडक भाकरी नेल्या होत्या. ज्वारीच्या, पापडासारख्या पातळ आणि कडकडीत, आमच्याकडे महिना-महिना टिकतात त्या. बरोबर शेंगाची चटणी. साठातली एकही मोडली नाही. माझा चष्मा मोडला, कारण तो भाकरीच्या डब्याखाली आला.

एका लॉकवर गेट सांभाळणारी एक बाई होती. काठावरच तिचं घर, दारात कोंबड्या, खिडकीत फुलं. तिने आम्हाला अंडी देऊ केली. नंदाने खुणेनेच नको म्हटलं आणि उलट तिलाच एक भाकरी आणि चटणी दिली. बाईने आधी भाकरी उजेडात धरून बघितली, टिचकी मारली, मग तुकडा मोडून खाल्ला. भुवया वर गेल्या. तिने खुणेनं विचारलं, कधीची?

नंदाने दोन्ही हातांची बोटं दोनदा दाखवली. वीस दिवसांची. तीही जराशी तोऱ्यात.

बाई घरात गेली. येताना चीजचा एक वाटोळा तुकडा घेऊन आली, त्याच्यावर राखेसारखं काहीतरी आलेलं. तिने दोन बोटं दाखवली.

"दोन दिवस?" नंदा म्हणाली. बाईने नाही अशी मान हलवली. "दोन आठवडे? दोन महिने?"

बाईने दाराशेजारच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं आणि ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा उलटून दाखवलं.

नंदा बोटीत परत आली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकलं, "हरले बाई."

* * *

वाटेत क्लामसी नावाचं जुनं गाव लागलं. लाकडी घरं, अरुंद चढाच्या गल्ल्या आणि मधोमध दगडी चर्च. तिथल्या गाइड मुलीने फार मन लावून सांगितलं. हे चर्च बांधायला पिढ्यान् पिढ्या लागल्या. आजोबाने पाया घातला, नातवाने भिंत चढवली, त्याच्या नातवाने मनोरा केला.

बाकीचे प्रवासी वर बघून उसासे टाकत होते. शारदक्कांचेही डोळे भरून आले होते.

अण्णांनी हात वर केला. "मॅडम, कॉन्ट्रॅक्टरला एक्स्टेन्शन किती वेळा दिलं?"

मुलगी गोंधळली. मी मोडक्या इंग्लिशमध्ये समजावून सांगितलं की आम्ही सरकारी बांधकामातली माणसं. तेव्हा ती इतकी हसली की तिला खांबाला टेकावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाली, तिचे वडीलही त्यांच्याकडच्या रस्ते खात्यात होते आणि घरच्यांना घेऊन हे चर्च बघायला आले तेव्हा त्यांनीही हेच विचारलं होतं.

"आणि तुमच्या आई काय म्हणाल्या?" शारदक्कांनी मला विचारायला लावलं.

"आई त्या दिवसानंतर त्यांच्याबरोबर कुठे गेली नाही," मुलगी म्हणाली.

शारदक्कांनी अण्णांकडे बघितलं. अण्णा चर्चच्या पायाकडे बघत होते.

* * *

पाच दिवस अण्णा कसे राहिले ते त्यांचं त्यांना ठाऊक. लॉक आलं की दोन्ही हात खिशात घालून डेकवर उभे. गेटमधून पाणी झिरपताना दिसलं की ओठ घट्ट मिटायचे. एकदा मला हळूच म्हणाले, "तू जरा सहज बघून ये, गेज पातळी किती दाखवतोय." मी सहज निघालो तर मागून शारदक्कांचा आवाज आला, "भावजी, तुमचा गुडघा दुखतोय ना? बसा."

सहाव्या दिवशी सकाळी अण्णा ब्रेड आणायला गेले. बेकरी समोर दिसत होती. दीड तासाने ते परतले. ब्रेड होता, पण सदऱ्याची बाही कोपरापर्यंत काळी झाली होती.

शारदक्कांनी ब्रेड हातात घेतला, बाहीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "इथे ब्रेडला वंगण लावतात वाटतं."

"हात नाही लावला," अण्णा म्हणाले. "नुसता टेकलो होतो."

शारदक्का खाली केबिनमध्ये गेल्या. आपली बॅग भरली आणि आणून दाराशी ठेवली. चेन लावलेली. "टेकलात, म्हणून आज नुसती भरली," त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला गेल्या.

ती बॅग दोन दिवस तिथेच होती. आम्ही सगळे तिला वळसा घालून ये-जा करत होतो. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, आणि दोघांसाठीही वाटलं. अण्णांच्या रिटायरमेंटच्या समारंभात आम्ही तीन तास त्यांच्यावर भाषणं केली होती. कालवा हेच त्यांचं घर, असं मीच म्हणालो होतो आणि टाळ्या घेतल्या होत्या. शारदक्का पहिल्या रांगेत, अण्णांना मिळालेली शाल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्याबद्दल एक वाक्य कुणाला सुचलं नव्हतं.

* * *

आठवा दिवस. ओसेर जवळ आलं होतं. सकाळपासून शारदक्कांनी मोतिया रंगाची इरकल नेसली होती. पायात स्पोर्ट शूज, पण डोक्यात गजरा. गजऱ्याची फुलं तिथलीच कुठलीतरी पांढरी. टेबल आठ वाजताचं होतं. मध्ये तीन लॉक होती आणि सगळी सातला बंद होतात. मग सकाळपर्यंत बोट जागची हलत नाही.

पहिल्या लॉकमध्ये शिरलो. मागचं गेट लागलं. लॉकवाला गडी पुढच्या गेटचं हँडल फिरवू लागला आणि ते अडकलं. त्याने जोर लावला, हँडल सटकून उलटं फिरलं आणि त्याच्या मनगटावर बसलं. बिचारा खालीच बसला. मनगट बघता बघता सुजलं. नंदाने पिशवीत आमच्याकडचा बर्फ घालून नेला आणि त्याच्या मनगटाला बांधला. त्याने एका हाताने फोन लावला आणि आम्हाला घड्याळ दाखवून सांगितलं, दुसरा माणूस यायला दीड तास.

पाच वाजून गेले होते. दीड तास म्हणजे पुढची दोन लॉक मिळत नाहीत. म्हणजे टेबल गेलं.

हिरेमठ पुढच्या दोरीला होते, मी मागच्या. दोरी सोडली तर बोट भिंतीवर आपटते. राहिले अण्णा. आम्ही सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं. तो लॉकवालाही त्यांच्याकडेच बघत होता.

अण्णा डेकवरच्या खुर्चीत बसले होते. दोन्ही हात मांड्यांखाली घालून, अक्षरशः हातांवर बसले होते. चेहरा लाल झाला होता. "मी नाही उठणार," ते म्हणाले. "शब्द दिलाय."

आणि नाही उठले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी असं बघितलं, समोर गेट अडलंय आणि वसंतअण्णा बसलेत.

शारदक्का अण्णांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हातातला कप खाली ठेवला, पदर कमरेला खोचला आणि काठावर उतरल्या. बोट अजून वरच होती, काठाला लागून, त्यामुळे एक पाऊल टाकलं की जमीन.

गेटपाशी जाऊन त्यांनी हँडलला लगेच हात घातला नाही. आधी लोखंडी दांड्यावर तळवा ठेवला, ताप बघतात तसा. मग हँडल धरलं आणि उघडायच्या दिशेला नाही, उलट फिरवलं. बरोबर अर्धा फेरा. थांबल्या. मग सावकाश सुलट. आत कुठेतरी करकरलं, आणि पाणी सुटलं.

"साहेब्र," हिरेमठ पुटपुटले, "ती अर्ध्या फेऱ्याची युक्ती तुमची ना?"

अण्णांचीच. प्रत्येक नव्या गेटमनला ते क्वार्टर्सच्या कट्ट्यावर बसवून शिकवायचे. आत स्वयंपाकघर होतं.

हौदातलं पाणी उतरत होतं. आमची बोट खाली खाली जात होती, खुर्चीतले अण्णा खाली जात होते, मान वर करून बघत होते. वर काठावर शारदक्का एका लयीत हँडल फिरवत होत्या आणि आम्हाला जास्त जास्त उंच दिसत होत्या.

पाणी थांबलं. आता गेट ढकलून उघडायचं राहिलं होतं. शारदक्का काठावरून वाकल्या.

"अहो, या वर. हे एकटीने ढकलत नाही."

"हात लावू?" खालून अण्णांनी विचारलं.

"लावा."

अण्णा लोखंडी शिडीने वर गेले. गेटचा लांब लाकडी दांडा असतो, त्याला पाठ लावून, पाय रोवून मागे मागे रेटायचं असतं. दोघं शेजारी शेजारी उभे राहिले, पाठ टेकली, आणि रेटायला लागले. दार इंच इंच हलू लागलं.

तेव्हा शारदक्का समोर द्राक्षांच्या मळ्याकडे बघत म्हणाल्या, "यल्लप्पाला शाल मात्र छान निवडली होतीत हं तुम्ही."

अण्णांचे पाय थांबले.

"थांबू नका," शारदक्का म्हणाल्या. "आठचं टेबल आहे."